नदीवरचं ऊन: अमेरिकन निसर्गचित्रांतला प्रकाश कसा वाचायचा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जवळजवळ दोन मीटर रुंदीचं एक निसर्गचित्र आहे. त्यात एकाच आभाळात दोन हवामानं आहेत. डावीकडे काळेभोर ढग, तिरका कोसळणारा पाऊस, वीज पडून मोडलेलं झाड आणि शिरायला वाट नाही असं रान. उजवीकडे पाऊस नुकताच ओसरल्यावर पडतं तसं लख्ख ऊन, खाली आखीवरेखीव शेतं, पाण्यात इवल्याशा होड्या, आणि मोठा वेढा घेऊन जवळपास निघाली तिथेच परत येणारी नदी. टॉमस कोलने हे चित्र १८३६ साली रंगवलं. नदी कनेक्टिकट, जागा मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनजवळचा होलिओक डोंगर. चित्राचं पूर्ण नाव एका ओळीत मावत नाही, म्हणून नदीच्या त्या, बैलाच्या जोखडातल्या कमानीसारख्या वळणावरून सगळे त्याला ‘द ऑक्सबो’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन नदीचित्रं बघताना बहुतेक जण ‘किती सुंदर’ म्हणून पुढे सरकतात. सुंदर तर ती आहेतच. पण या चित्रांत माणसं मुंगीएवढी असतात आणि प्रसंग असा काही घडतच नसतो. मग चित्रकाराला जे सांगायचं ते तो कशातून सांगणार? ऊन कुठे पाडायचं, कुठे अडवायचं आणि दिवसाची कोणती वेळ निवडायची, यातून. म्हणून अशा चित्रापुढे उभं राहिल्यावर मी तीन गोष्टी शोधते: उजेड कुठून येतोय, कशावर पडतोय, आणि कशावर पडत नाहीये. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त बोलते.

ऑक्सबोमध्ये उजेड उजवीकडून येतो आणि नेमका माणसाने कसलेल्या जमिनीवर पडतो. रान अंधारात आहे. सरळ अर्थ लावला तर असं दिसतं, की वादळ सरलं, रान मागे हटलं, शेती आली, देवाची कृपा झाली. त्या काळातल्या पुष्कळ अमेरिकन लोकांनी चित्र असंच वाचलं असणार. पण कोल स्वतः त्या प्रगतीबद्दल अजिबात निःशंक नव्हता. चित्राच्या खालच्या भागात, मध्यापाशी, खडकांच्या बेचक्यात नीट पाहिलं तर हॅट घातलेला एक माणूस चित्र रंगवत बसलेला सापडतो. तो कोल आहे. तो मान वळवून थेट आपल्याकडे बघतोय. शेताच्या बाजूला नाही, रानाच्याच कडेला त्याने आपली बैठक मांडली आहे. त्याची छत्री तेवढी खडकावरून नदीच्या दिशेने तिरकी बाहेर आलेली दिसते. आणि पलीकडच्या, उन्हात न्हालेल्या टेकडीवर झाडं तोडल्याचे ओरखडे आहेत. काही अभ्यासकांना त्या ओरखड्यांत हिब्रू अक्षरं दिसतात. ती अक्षरं मानायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण तोडलेलं जंगल तिथे आहे याबद्दल शंका नाही. आणि कोलने ते सावलीत लपवलेलं नाही.

त्याच १८३६ साली कोलने ‘द कोर्स ऑफ एम्पायर’ ही पाच चित्रांची मालिका पूर्ण केली. एकच खाडी, मागे तोच डोंगर, आणि तिथे एका साम्राज्याचा जन्म ते नाश. पहिल्या चित्रात पहाटेच्या वाऱ्यात ढग पांगताहेत आणि शिकारी धावताहेत. दुसऱ्यात सकाळ, मेंढपाळ, शेती. तिसऱ्यात भर दुपार आणि संगमरवरी महालांचा झगमगाट. चौथ्यात आग, वादळ, कत्तल. पाचव्यात माणूस उरलेलाच नाही, चांदण्यात एक पडका खांब उभा आहे. एका राष्ट्राचं आयुष्य त्याने एका दिवसाच्या उजेडात बसवलं. हे लक्षात ठेवून पुन्हा ऑक्सबोकडे वळलं, की त्यातलं ते छान ऊन तितकंसं निर्धास्त वाटत नाही. हे सकाळचं ऊन आहे की दुपारकडे झुकणारं, असा प्रश्न पडतो. मला वाटतं, तोच प्रश्न आपल्याला पडावा अशी कोलची इच्छा होती.

कोल मुळात इंग्लंडचा, लँकाशायरमधला. तो भाग म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. कुटुंबाबरोबर तो १८१८ साली अमेरिकेत आला. यंत्रं आणि धुराडी नदीकाठाचं काय करतात हे त्याने लहानपणीच पाहिलेलं होतं, आणि नव्या देशात तेच पुन्हा सुरू होताना तो बघत होता. १८२५ च्या शरद ऋतूत तो हडसन नदीने वर गेला, कॅट्सकिल डोंगरांत रेखाटनं केली, आणि त्यांवरून केलेली तीन चित्रं न्यूयॉर्कमध्ये तीन नामांकित माणसांनी विकत घेतली. त्यातला एक, अॅशर ड्युरँड, पुढे स्वतःच मोठा निसर्गचित्रकार झाला. याच वर्षी ईरी कालवा सुरू झाला. अटलांटिक महासागर आणि आतल्या मोठ्या सरोवरांचा प्रदेश हडसनमार्गे जलवाहतुकीने जोडला गेला. म्हणजे ज्या नदीची शांतता रंगवायला चित्रकार निघाले, ती त्याच वेळी देशातली सगळ्यात गजबजलेली व्यापारी वाट होऊ लागली होती. पुढे या चित्रकारांना ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणू लागले. शाळा अशी कुठे नव्हती. हे नाव त्यांची चलती ओसरू लागल्यावर टीकाकारांनी हिणवण्यासाठी वापरलं आणि मग तेच चिकटलं.

आता हा उजेड रंगात कसा येतो ते पाहू. ते समजलं की चित्रातली अर्धी जादू उलगडते आणि तरी कमी होत नाही.

दूरची वस्तू आणि आपण यांच्यामध्ये हवा असते, हवेत बाष्प आणि धूळ असते. ती उजेड विखुरते, म्हणून लांबचे डोंगर फिकट आणि निळसर दिसतात. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याचे किरण हवेच्या फार जाड थरातून येतात. वाटेत निळा रंग विखरून जातो, पिवळा-तांबडा उरतो. अशा वेळी सूर्याच्या दिशेने बघितलं तर नेहमीचा हिशेब उलटतो: लांबचं सगळं उबदार आणि फिकट होतं, जवळचं गडद होतं. या चित्रकारांना ही वेळ फार प्रिय होती, कारण डोंगराला वजनच राहत नाही.

पाण्याचंही तसंच. पायाजवळचं पाणी आपण जवळजवळ सरळ वरून बघतो, त्यामुळे तळ दिसतो, पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. लांबच्या पाण्यावर नजर घासून जाते, तिथे पाणी आरसा होतं आणि आभाळ दाखवतं. शिवाय प्रतिबिंब म्हणजे मूळ वस्तूची हुबेहूब प्रत नसते. उजळ गोष्ट पाण्यात जराशी काळवंडते, काळी गोष्ट जराशी उजळते. ही बारीक तफावत ज्याला साधली त्याचं पाणी ओलं दिसतं. ज्याला नाही साधली त्याचं पाणी उलटं टांगलेलं चित्र वाटतं.

रंग लावण्याची पद्धत म्हणाल तर तेलात अगदी पातळ, पारदर्शक थर एकावर एक द्यायचे. उजेड त्या थरांतून आत शिरतो, खालच्या फिकट पृष्ठभागावर आपटतो आणि परत येतो. एकावर एक ठेवलेल्या रंगीत काचांमधून खिडकीचं ऊन यावं तसा रंग आतून पेटतो. कुंचल्याचे फटकारे मात्र दिसू द्यायचे नाहीत, सगळं घोटून गुळगुळीत करायचं. फटकारा दिसला की चित्रकाराचा हात आठवतो, आणि या मंडळींना पाहणारा आणि निसर्ग यांच्यामध्ये तो हात नको होता. शतकाच्या मध्यावर कॅडमियम पिवळ्यासारखे नवे भडक रंग बाजारात आले, तशी त्यांच्या संध्याकाळींना धार आली. रंग भरलेली धातूची ट्यूबही याच काळातली. तिचं पेटंट १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने घेतलं. रंगाची पेटी काखोटीला मारून नदीकाठी जाणं त्यामुळे सोपं झालं. मोठी चित्रं तरीही खोलीतच, हिवाळ्यात, रेखाटनं समोर ठेवून व्हायची. म्हणजे ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळचं ऊन फेब्रुवारीत, आठवणीतून आणि निवडीतून रंगवलं जायचं. ‘होतं तसंच काढलंय’ असं या चित्रांबद्दल म्हणता येत नाही ते म्हणून.

माझं सगळ्यात आवडतं नदीचित्र हडसनचं नाही, मिसूरीचं आहे. जॉर्ज केलेब बिंगमचं ‘फर ट्रेडर्स डिसेंडिंग द मिसूरी’, १८४५. तेही मेट्रोपॉलिटनमध्येच आहे, आणि ऑक्सबोच्या मानाने बरंच लहान. एक लांब, अरुंद, खोडातून कोरलेली होडी चित्राच्या मधोमध आडवी. उजव्या टोकाला म्हातारा व्यापारी वल्हं धरून बसलाय, तोंडात चिलीम, आपल्याकडे बघतोय ते जरा संशयानेच. मध्ये मालाच्या गाठोड्यावर रेललेला निळ्या सदऱ्यातला पोरगा, जवळ बंदूक आणि मारलेलं बदक. डाव्या टोकाला बांधून ठेवलेला एक काळा प्राणी. पुष्कळांना ते मांजर वाटतं, काहींना कोल्हा. ते अस्वलाचं पिल्लू आहे. मागे पहाटेचं धुकं, गुलाबी आणि सोनेरी, आणि बेटावरची झाडं त्यात विरघळलेली.

या चित्रात सगळं आडवं आहे: होडी, काठ, धुक्याचा पट्टा. आडव्या रेषा डोळ्याला थांबवतात. ऑक्सबोतला तिरका पाऊस आणि वाकडं झाड डोळ्याला पळवतात. चित्रातला ‘मूड’ ही काही गूढ गोष्ट नाही, तो निम्मा असा रेषांच्या दिशेतून तयार होतो. उरलेला निम्मा इथे धुक्यातून येतो. धुकं लांबचं सगळं पुसून टाकतं, म्हणजे काळही पुसतो. ही सकाळ कधीचीही असू शकते.

आणि गोम तिथेच आहे. खरी मिसूरी गढूळ नदी. गाळ वाहून आणणारी, काठ खाणारी, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांनी होड्या फोडणारी. बिंगम मिसूरी राज्यातच वाढलेला, त्याला हे पुरेपूर माहीत होतं. चित्रात पुढे पाण्यातून डोकावणारे एक-दोन बुंधे त्याने ठेवलेतही. पण पाणी आरशासारखं केलं. शिवाय १८४५ पर्यंत मिसूरीवर वाफेच्या बोटी चालू होऊन पाव शतक उलटलं होतं, आणि असा एकटादुकटा होडीवाला फर व्यापारी मागच्या पिढीतला झाला होता. संपत आलेल्या गोष्टीवर बिंगमने पहाटेचा उजेड पाडला. त्याने चित्राला दिलेलं मूळ नाव फ्रेंच व्यापारी आणि त्याचा मिश्र वंशाचा मुलगा अशा अर्थाचं होतं. म्हणजे त्या पोराची आई मूळ रहिवासी जमातींपैकी होती, हे नावातच होतं. चित्र न्यूयॉर्कमध्ये दाखवणाऱ्या अमेरिकन आर्ट युनियनने ते नाव बदलून ‘फर व्यापारी’ एवढंच केलं. आईचा जो एकमेव उल्लेख होता, तो गेला. हे कळल्यावर पोराच्या त्या शांत, किंचित हसऱ्या चेहऱ्याकडे मला पहिल्यासारखं बघता आलेलं नाही.

शांत पाणी, आडवी मांडणी, न दिसणारा कुंचला आणि सगळीकडे झिरपलेला उजेड अशा चित्रांना आज ‘ल्युमिनिझम’ म्हणतात. हा शब्द कलाइतिहासकार जॉन बाऊर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ केला. चित्रकारांनी तो कधी ऐकलाही नव्हता. म्हणून तो एका गटाचं नाव म्हणून न घेता एका स्वभावाचं नाव म्हणून घ्यावा. हा स्वभाव सगळ्यात निखळ दिसतो तो सॅनफर्ड गिफर्डमध्ये. गिफर्ड हडसनकाठच्या हडसन याच गावात वाढला. निसर्गचित्र रंगवणं म्हणजे हवा रंगवणं, असं तो म्हणायचा. येल विद्यापीठाच्या संग्रहात त्याचं १८६६ सालचं, न्यॅकजवळच्या हुक माउंटनचं चित्र आहे. उंचीच्या दुपटीहून लांब असा चिंचोळा पट्टा. तिथे हडसनचं पात्र जवळपास पाच किलोमीटर रुंद होतं. त्यात डोंगर कशाने बनलाय हे कळतच नाही. खडक, झाडं, सगळं एका मधाळ धुरकटपणात आहे. चित्र पुरं झाल्यावरही तो त्यावर अर्धपारदर्शक लेप देत राहायचा, जेणेकरून उजेड थोडा आत जाऊन परतेल.

गिफर्ड अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ रेजिमेंटबरोबर तीनदा कामगिरीवर गेला होता. युद्ध १८६५ साली संपलं, हे चित्र त्याच्या पुढच्या वर्षीचं. चित्रात युद्धाचा मागमूस नाही. यातून ‘ही शांतता म्हणजे युद्धाचं उत्तर’ असं घाईने म्हणणं मला पटत नाही, कारण तो युद्धाआधीही असाच धूसर रंगवायचा. पण १८६६ मध्ये ज्यांनी हे चित्र पाहिलं, त्यांच्यापैकी कित्येक घरांत माणूस परत आलेला नव्हता. त्यांना ते पाणी कसं दिसलं असेल हा विचार चित्र बघताना सोडवत नाही.

फ्रेडरिक चर्च हा कोलचा शिष्य. १८४४ ते १८४६ तो कॅट्सकिलमध्ये कोलकडे शिकला. त्याचा उजेड गिफर्डच्या अगदी उलट, नाट्यमय. १८५७ च्या ‘नायगारा’त त्याने पायाखालची जमीनच काढून टाकली. चित्र सुरू होतं तेच वाहत्या नदीवर, आपण जणू पाण्यात उभे आहोत. १८६० च्या ‘ट्वायलाइट इन द वाइल्डरनेस’मध्ये शांत पाणी, काळे डोंगर आणि वर अख्खं आभाळ तांबडंलाल पेटलेलं. हे देश फुटण्याआधीचं वर्ष, त्यामुळे पुष्कळ अभ्यासक या आभाळात येऊ घातलेलं युद्ध वाचतात. चर्चच्या मनात रंगवताना ते होतंच असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण वर्षभरात त्याने काय केलं ते पाहा. १८६१ साली फोर्ट सम्टर या किल्ल्यावर हल्ला होऊन युद्ध पेटल्यावर त्याने एक छोटं चित्र केलं: पहाटेच्या आभाळात ढगांचे तांबडे-पांढरे पट्टे, निळ्या तुकड्यात चांदण्या, आणि मिळून अमेरिकेचा झेंडा. त्याच्या छापील प्रती विकल्या गेल्या. चित्र म्हणून ते मला ढोबळ वाटतं. पण आभाळाच्या रंगातून देशाबद्दल बोलता येतं आणि लोकांना ते समजतं, हे त्या काळात किती गृहीत होतं याचा तो सरळ पुरावा आहे.

आता तिसरी गोष्ट, उजेड कशावर पडत नाही ती. कोलने १८२६ साली काटर्सकिल धबधबा रंगवला. तोवर तिथे पर्यटकांसाठी कठडे आणि बसायची जागा झाली होती. कोलने ती काढून टाकली आणि त्या जागी कड्यावर मूळ रहिवाशांपैकी एक एकटा माणूस उभा केला. चारच वर्षांनी, १८३० मध्ये, मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हुसकावण्याचा कायदा झाला. चित्रांतली ‘माणसाचा हात न लागलेली’ नदी हजारो वर्षं माणसांची होती. ती माणसं प्रत्यक्षात हटवली जात असताना चित्रात ती सोनेरी उजेडातली एक आठवण बनत होती. कातडं कमावण्यासाठी कॅट्सकिलमधली हेमलॉकची झाडं सालीसाठी सरसकट तोडली जात होती, तेही या चित्रांत क्वचितच येतं. कोलच्या श्रेयासाठी एक सांगायला हवं. त्याच्या घराजवळच्या दरीतून रेल्वे गेली, झाडं तोडली गेली, तेव्हा तो पत्रांतून अक्षरशः चिडून लिहीत होता. १८४३ च्या ‘रिव्हर इन द कॅट्सकिल्स’मध्ये त्याने ती आगगाडी दाखवली, तोडलेली झाडंही दाखवली. काही वर्षांपूर्वी तीच जागा त्याने गर्द झाडीत रंगवली होती. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघावीत.

रॉबर्ट डंकनसन या कृष्णवर्णीय चित्रकाराचं नाव या यादीत बराच काळ मागेच राहिलं. तो ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत काम करायचा. १८५१ सालचं त्याचं ‘ब्लू होल, लिटल मायामी रिव्हर’ हे चित्र बघा. झाडांच्या कमानीत निळंशार संथ पाणी, काठावर मासे धरणारी चिमुकली माणसं, मागे उजळ आभाळ. मांडणी कोलच्या परंपरेतलीच. पण ही नदी पुढे ओहायो नदीला मिळते, आणि ओहायो म्हणजे तेव्हा गुलामगिरी असलेलं केंटकी आणि नसलेलं राज्य यांच्यामधली हद्द. पळून येणारी माणसं ती ओलांडत. १८५० च्या कायद्याने अशा माणसांना गुलामगिरी नसलेल्या राज्यातूनही पकडून परत नेणं आणखी सोपं केलं होतं. चित्रात यातलं काहीच काढलेलं नाही. काळ्या कातडीच्या चित्रकाराने त्या वर्षी, त्या मुलखात, निवांत बसून मासे धरता येतील असा पाणवठा रंगवला, एवढंच. माझ्या लेखी या परंपरेतली सगळ्यात भारलेली शांतता हीच आहे.

१८७० नंतर आवड बदलली. फ्रान्सहून मोकळे फटकारे आणि साधे विषय आले, हडसनवाले जुनाट ठरले, त्यांची चित्रं कोठीघरांत गेली. चर्च १९०० साली वारला तेव्हा तो जवळपास विसरला गेला होता. त्यांच्याकडे पुन्हा गंभीरपणे बघायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

पण या उजेडाचा एक परिणाम कोठीघरात गेला नाही. चर्चने हडसनच्या पूर्व काठावर, टेकडीवर ‘ओलाना’ नावाचं घर बांधलं होतं, नदीचं दक्षिणेकडचं दृश्य खिडक्यांत बसेल अशा बेताने. १९७० च्या दशकात खाली पलीकडच्या काठावर सिमेंटन इथे अणुवीज प्रकल्प उभारायचं ठरलं. त्याचा अजस्र शीतमनोरा नेमका त्या दृश्यात येणार होता. लोकांनी विरोध केला आणि पुरावा म्हणून चर्चची चित्रं आणि ते दृश्य पुढे ठेवलं. १९७९ मध्ये अणुऊर्जा नियामक आयोगाच्या अधिकाऱ्यांनी, मुख्यतः या दृश्याची हानी होईल या कारणाने, परवाना देऊ नये अशी शिफारस केली. सौंदर्याच्या मुद्द्यावर आयोगाकडून अशी शिफारस त्याआधी कधी झाली नव्हती. प्रकल्प बारगळला. ओलाना आज सरकारी वारसास्थळ आहे आणि तिथून दिसणारं नदीचं वळण अजून मोकळं आहे.